मान धरली

सोहारच्या इस्पितळात लिसम्मा सिस्टरने
दोन तुकड्यांची कॉलर माझ्याभोवती मिटवली,
कालवाच्या दोन शिंपा मिटाव्यात तशी.
वेल्क्रो चर्रकन बोलला.
पाचव्या मणक्याला केसाएवढी चीर आहे, म्हणाली,
सहा आठवडे. झोपेतसुद्धा काढायची नाही.
गळ्यापाशी एक भोक ठेवलंय कॉलरला.
कशाला, विचारलं.
श्वासाची नळी घालावी लागली तर, म्हणाली,
आणि पुढच्या खाटेकडे गेली.

अकरा वर्षं मी रिगर.
बंदरावर, क्रेनच्या खाली, तोंड वर करून.
हाताने बोलायचं: उचल, थांब, डावीकडे, सोड.
इथलं जे काही माझ्या ओळखीचं आहे
ते सगळं खालून पाहिलेलं.
कंटेनरची बुडं, हुकाचा गंज,
उन्हाने विटलेलं आकाश.
त्या दिवशी हुक झुलत आला
आणि कुठेतरी ताट पडल्याचा आवाज झाला.
ते माझं हेल्मेट होतं.

आता ना वर, ना खाली.
डब्यातला भात मला दिसत नाही,
टेकबहादुर तो माझ्या हनुवटीपाशी धरून उभा राहतो.
बुटाच्या नाड्याही तोच बांधतो.
रात्री मला फळीसारखा आडवा घालून
पुढचा तुकडा उघडतो, ओल्या फडक्याने गळा पुसतो,
घामोळं बघून च् च् करतो,
पॅड धुऊन एसीच्या तोंडाशी वाळत टाकतो.
दोन वर्षं एका खोलीत राहिलो.
त्याच्या डाव्या भुवईत व्रण आहे
हे मला परवा दिसलं.

घरी सांगितलं नव्हतं.
भर मे महिन्यात मफलर गुंडाळून फोन लावला.
थंडी वाजते का तिकडे, कुंदाने विचारलं.
ऋद्धीने ओळखलं.
आई, बाबा सगळेच्या सगळे वळतात बघ,
कपाट सरकवल्यासारखे.

मग ऑफिसातून सिद्दीकीसाहेब आला,
संत्र्यांची पिशवी आणि एक कागद घेऊन.
सही कर, नेहमीचंच आहे.
अकरा वर्षं नेहमीचंच होतं.
मान खाली, सही, मान वर, चल कामाला.
या खेपेला मान खाली जाईना.
कागद डोळ्यांसमोर उचलून धरावा लागला,
आणि समोर धरल्यावर वाचावाच लागला,
अक्षराला अक्षर लावत:
कामगार स्वतःच्या चुकीने हुकाखाली आला.
समजलं ना, साहेब म्हणाला.
डोलण्याची जुनी सवय आतल्या आत उठली,
फोमला धडकली आणि खाली बसली.
नाही, मी म्हणालो.
तोंडानेच म्हणावं लागलं.
संत्री ठेवून तो कागद घेऊन गेला.
पुढे काय होणार, मला ठाऊक नाही.
टेकबहादुरने संत्रं सोलून फोडी
एकेक करून माझ्या तोंडात घातल्या.

सातव्या आठवड्यात कॉलर निघाली.
मान कसली, काडीवर भोपळा.
फार दिवस आधार दिला की ती आळसावते,
सिस्टर म्हणाली, आता तिचं काम तिला करू दे.
आणि तळवा मागे धरला.

ऋद्धी तीन महिन्यांची होती तेव्हा
कुंदा फोनवर म्हणाली होती,
मान धरली हो पोरीने.
मी क्रेनखाली, नजर हुकावर,
अरे वा, म्हणालो होतो.
काय धरलं, केवढं जड असतं ते,
काही विचारलं नव्हतं.

लिसम्मा तळवा काढते. पुन्हा लावते.
पुन्हा काढते.
मी मोजतोय, सात, आठ.
खिडकीतून बंदराकडची क्रेन दिसते,
तिची नुसती कंबर.
तिच्या टोकापर्यंत जायला
अजून वेळ आहे.